साक्षीदार प्लेट

१

चोरानं नेलं काय, तर जंतू. काचेच्या चपट्या बशीत जेलीवर वाढवलेले, आणि तेही पाळीव म्हणावेत इतके गरीब. बिबवेवाडीतल्या त्या प्रयोगशाळेत संगणक होते, सूक्ष्मदर्शक होते, डॉक्टर अनंत लिमयांच्या टेबलावर सोनेरी टोपणाचं पेन उघड्यावर पडलेलं होतं. त्या कशालाच कुणी हात लावला नव्हता.

आम्रपाली ओव्हाळ यांना फोन आला तेव्हा त्या गॅसवाल्याची वाट बघत होत्या. वाट बघणं त्यांना जन्मात जमलेलं नव्हतं. उभी हयात औषध निरीक्षक म्हणून गेली. धाड घालायची म्हटलं की गाडी येण्याआधीच ह्या रिक्षा करून मोकळ्या. निवृत्तीनंतर तो सगळा वेग टू-बीएचकेमध्ये कोंडला गेला होता आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांना होत होता.

"मावशी, लगेच या," फोनवर चिलेशे होती. "लॅबमधून साक्षीदार गायब झालाय. आणि संध्याकाळी मला सही करायची आहे."

चिलेशे म्वांसा मूळची झांबियाची. पुण्यात डॉक्टरकी शिकली ती आम्रपालीबाईंच्या मागच्या खोलीत राहून. तिथंच मराठी शिकली आणि पुणेरी टोमणेही. आता ती तिथल्या राजधानीत, लुसाकातल्या एका रुग्णालयात नवजात बाळांचा वॉर्ड सांभाळत होती आणि सध्या कामासाठी पुण्यात आली होती. तिचा आवाज कापताना बाईंनी आजवर एकदाच ऐकला होता, तिचे वडील गेले तेव्हा.

गॅसवाला गेला खड्ड्यात, असं म्हणून बाईंनी चपला घातल्या.

२

लॅब चालत जाण्याच्या अंतरावर, खाली चहाचं हॉटेल आणि वर दोन खोल्या. चिलेशे दारातच येरझाऱ्या घालत होती.

"आधी नीट सांग. साक्षीदार म्हणजे कोण?"

"कोण नाही, काय. ही बघा प्लेट." तिनं एक काचेची बशी उजेडात धरली. दुधट थर, त्यावर कागदाच्या बारीक गोल टिकल्या. "माझ्या देशातल्या आजारी बाळांच्या रक्तातले जंतू हे. टिकल्यांना औषध लावलेलं असतं. औषध चाललं, तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल पडतो. नाही चाललं, तर जंतू टिकलीला चिकटून वाढतात. ही टिकली आमच्या रोजच्या स्वस्त इंजेक्शनची. गोल दिसतो?"

"नाही."

"कुठल्याच प्लेटवर नाही. आणि ही दुसरी, नव्या महागड्या औषधाची. केवढा गोल पडलाय! सगळ्या प्लेटवर असंच. म्हणजे स्वस्त इंजेक्शन आमच्याकडे मेलं, असा अर्थ."

"आणि साक्षीदार?"

"प्रत्येक वेळी एक जादा प्लेट लावायची. तिच्यावर असे जंतू, की जे स्वस्त इंजेक्शननं मरतात हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. तिथं गोल पडला, तर चाचणी खरी. नाही पडला, तर चाचणीच बिघडलेली. लिमये सर तिला साक्षीदार म्हणतात, म्हणून आम्हीही. काल संध्याकाळी ती बाकीच्यांबरोबर उबेच्या पेटीत ठेवली होती. आज नाही."

लुसाकात तिच्या आरोग्य खात्याची समिती उद्या बसणार होती, आणि समितीपुढे जायचा होता चिलेशेच्या सहीचा अहवाल. पैसा तुटपुंजा, आणि ठरवायचं होतं ते एवढंच, की आधी काय. देशभरच्या बाळंतपणाच्या वॉर्डांसाठी नवं औषध घ्यायचं, की जुनंच चालू ठेवून तो पैसा पाण्याचे नळ, साबण आणि सुईणींच्या शिक्षणावर घालायचा. तिकडचं यंत्र बंद पडलं म्हणून चिलेशे नमुन्यांची पेटी घेऊन दसऱ्यानंतर आपल्या जुन्या सरांकडे आली होती.

"निकाल खरा असेल आणि मी गप्प बसले, तर बाळं मरतील," ती म्हणाली. "खोटा असेल आणि मी सही केली, तर नळ येणार नाहीत, तरी बाळं मरतीलच. वर नवं औषध गरज नसताना वापरून जंतू त्यालाही सरावतील. मग माझ्या हातात काय उरतं, मावशी? काहीच नाही."

बाईंनी पर्सचा खटका उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. विचार करायला लागल्या की हे चालायचं.

"आज सकाळी इथं कोण कोण होतं?"

"सर. मुक्ताई. उत्तरेश्वर. आणि तो औषध कंपनीचा जयसिंग."

"म्हणजे जो गोड बोलतो त्याच्यापासून सुरुवात करू."

३

जयसिंग परदेशी खरोखरच गोड बोलला. नव्या महागड्या औषधाच्या कंपनीचा तो प्रतिनिधी. टाय घट्ट, हसू त्याहून घट्ट.

"मॅडम, मी कशाला बशी चोरू? निकाल तर आमच्या बाजूनं लागलाय."

"म्हणूनच विचारते. टिकल्या कुणी आणल्या?"

"आमच्या औषधाच्या मी आणल्या, मागच्या आठवड्यात, फुकट. जुन्या इंजेक्शनच्या लॅबच्याच होत्या, आधीपासून फ्रिजमध्ये. सकाळी मी पेढे द्यायला आलो होतो, उबेच्या पेटीला हातही लावला नाही. खरं सांगू? मला त्या जंतूंची भीती वाटते." हे सांगताना मात्र त्याचं हसू गळालं, आणि बाईंना त्याचं पहिल्यांदाच थोडंसं पटलं.

शेजारच्या खोलीत उत्तरेश्वर मुंडे कानात हेडफोन अडकवून बसला होता. हा अंबाजोगाईकडचा, लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळणारा. निकाल त्याच्या संगणकातून थेट लुसाकाला जायचे.

"मॅम, ॲक्च्युअली मी सकाळी फक्त अपडेट टाकत होतो. प्लेट-बिट माझं डिपार्टमेंटच नाही."

"जयसिंग सांगत होता, त्याच्या कंपनीत नोकरीसाठी अर्ज केलायस म्हणे."

तो लाल झाला. "हो, पण म्हणून मी... मॅम, माझ्या बहिणीचं बाळ गेलंय इन्फेक्शननं. दसऱ्याला घरी गेलो होतो, ती अजून बोलत नाही कुणाशी. मी असल्या गोष्टीत नाटकं करीन का?"

तो एकदम रडायलाच लागला. बाईंना अशा वेळी काही सुचत नसे. त्यांनी त्याच्यासमोर पाण्याची बाटली सरकवली आणि बाहेर आल्या.

मुक्ताई काळभोर खिडकीशी उभी होती. लोणी काळभोरहून रोज येणारी, लॅबमधली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. काल प्लेट लावल्या होत्या त्या तिनंच.

"मी लावली बाई साक्षीदार. माज्या हातानं लावली. सकाळी आले तर जागा रिकामी. सरांना म्हनलं, सर म्हनले, बघू. आता समदे माज्याकडं बघत्यात."

"तुझ्याआधी कोण आलं होतं?"

"समदेच. बस उशिरा आली माजी. सर तर रोजच पयले असत्यात. वैनी गेल्यापासून घरी थांबवतच न्हाई त्यांना." तिनं पदरानं नाक पुसलं. "लई चांगल्या हुत्या राधावैनी. खंडेनवमीला हितं यायच्या तबक घिऊन, एकेका यंत्राची पूजा करायच्या. सर मातुर तेवढ्यापुरतं खाली चहाला पळायचे. म्हनायचे, तुमची भक्ती झाली की बोलवा."

"यंदा तू केलीस पूजा?"

"न्हाई. सणाला मी गावाकडं हुते."

यंत्रांवर तर टिळे होते. उबेच्या पेटीवर, सूक्ष्मदर्शकावर, संगणकांवरही. बाई एकेका टिळ्यासमोर वाकून बघू लागल्या, तशी मुक्ताई गोंधळली.

"हे काय बघताय बाई?"

"कला," बाई म्हणाल्या.

४

लिमये आपल्या खोलीत खुर्चीवर नुसते बसून होते. सत्तरीचे, शिडशिडीत. वर्गात देवाधर्माची रेवडी उडवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ओव्हाळबाई, मी सही करायला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "एवढंच म्हणतोय, की एक प्लेट हरवली म्हणून सगळं काम मातीत घालायचं का."

"तुम्हीच शिकवलंत ना तिला, साक्षीदाराशिवाय खटला नाही म्हणून?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

बाईंना तिथं बसवेना. चार वाजून गेले होते. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट टेबलावर उतरलं होतं आणि पंखा नुसता गरगरत होता. त्यांनी लॅबभर एक चक्कर मारली, मग दुसरी. कचऱ्याच्या बादल्या उपसल्या. खाली हॉटेलवाल्याच्या पिंपातही डोकावून आल्या. बशी कुठंच नव्हती. येताना मोरीशेजारी त्या थबकल्या. तिथं वाफेचं मोठं भांडं होतं, लॅबमध्ये सगळे त्याला कुकर म्हणत. वापरून झालेल्या प्लेटमधले जंतू त्यात शिजवून मारायचे आणि मगच प्लेट धुवायच्या, असा तिथला नियम.

"मुक्ताई, हा कुकर केव्हा लावतेस?"

"सांजच्याला. घरी जायच्या आधी."

बाईंनी झाकणावर तळहात टेकला. लोखंड चांगलंच कोमट होतं.

झाकण उघडलं. तळाशी एकच बशी होती. जेली वितळून तिचं पाणी झालं होतं आणि टिकल्या त्यात तरंगत होत्या.

चिलेशे धावत आली, तिनं बशी पाहिली. "शिजवून टाकली! आता काही कळणार नाही!"

"कळलं की," बाई म्हणाल्या. "आता फक्त फ्रिज बघू."

५

फ्रिजमध्ये टिकल्यांच्या डब्या ओळीनं होत्या. प्रत्येक डबीत ओल शोषून घेणाऱ्या बारीक खड्यांची पुडी. असल्या पुड्या बाईंनी नोकरीत पोत्यानं पाहिल्या होत्या. खडे कोरडे असले की निळे राहतात, ओल प्याले की गुलाबी होतात.

जयसिंगनं आणलेल्या डबीतले खडे निळे होते. जुन्या इंजेक्शनच्या डबीतले चक्क गुलाबी.

"जयसिंग!" चिलेशे दातओठ खात म्हणाली. "यानंच आमच्या टिकल्या भिजवल्या."

"थांब. बाकीच्या जुन्या डब्याही बघ, ज्यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही."

चिलेशेनं एकामागून एक उघडल्या. सगळे खडे गुलाबी होते. कागदी खोके तळाशी फुगून पुन्हा वाळले होते.

बाई भिंतीकडे वळल्या. फ्रिजचं बटण. पांढऱ्या प्लॅस्टिकवर लाल बोटाचा एक ठसा उमटलेला होता. कुंकवाचा.

"सगळ्यांना बोलव," त्या म्हणाल्या. "आणि सरांना खुर्ची दे."

सगळे जमले. बाई उभ्याच राहिल्या. बसून निकाल द्यायची त्यांना सवय नव्हती.

"हा फ्रिज मध्यंतरी बंद होता. बर्फ वितळला, ओल झाली, वरून हा ऑक्टोबर. टिकल्यांवरचं औषध गेलं. जयसिंगची डबी नंतर आली म्हणून ती शाबूत राहिली. म्हणून एका औषधाचा गोल मोठा आणि दुसऱ्याचा गायब. झांबियातल्या जंतूंनी काहीच केलेलं नाही. जे झालं ते या खोलीत झालं. साक्षीदार प्लेटवरही गोल पडला नसणार, आणि ते पाहून कुणीतरी ती उचलली."

"कोनी?" मुक्ताईनं विचारलं.

"जयसिंग असता तर बशी रुमालात धरून कचऱ्यात टाकली असती. उत्तरेश्वर असता तर दप्तरात घालून कात्रजच्या घाटात भिरकावली असती. पण इथं चोरानं काय केलं? ती कुकरमध्ये घातली. जिवंत जंतू उघड्यावर टाकायचे नाहीत, ही शिस्त त्याच्या हाडात मुरलेली आहे. चोरी करतानासुद्धा सुटली नाही. अशी माणसं इथं दोनच."

मुक्ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, माज्या लेकरांची शपथ..."

"तू नाहीस, बस. आता टिळे. माझ्या घरी हे काही नसतं. पण तीस वर्षं सरकारी कपाटांना आणि जीपला टिळे लागताना पाहिलेत. आमचा नागोराव शिपाई नव्या पोरांना ओरडायचा, आधी हळद, मग कुंकू. इथल्या प्रत्येक यंत्रावर कुंकू खाली आहे आणि हळद वर. असं कुठली बाई करील? मुक्ताई तर झोपेतही करणार नाही. हे अशा माणसानं केलंय, ज्यानं जन्मात एकदाही पूजा जवळून पाहिली नाही. कारण पूजा असली, की तो खाली चहाला जायचा."

चिलेशे सरांकडे बघायचं टाळत होती. तिला ते बघवत नव्हतं.

"राधा गेल्यावरची ही पहिली खंडेनवमी," लिमये म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "सुट्टी होती. लॅबमध्ये कुणी नव्हतं. कपाटात तिचं तबक सापडलं, हळदकुंकू तसंच होतं. मला... मला राहवलं नाही. ती म्हणायची, वर्षातून एक दिवस यंत्रांना विश्रांती द्यावी. मी सगळ्यांना टिळे लावले, सगळी बटणं बंद केली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी, पुन्हा लावली. आज सकाळी साक्षीदार पाहिला आणि सगळं डोक्यात लख्ख झालं."

"मग सांगितलं का नाही, सर?" चिलेशेनं विचारलं.

"काय सांगू? आयुष्यभर पूजेला हसलेल्या माणसानं पूजा केली, म्हणून तुझ्या देशाची चाचणी बुडाली, असं? वाटलं, दुपारपर्यंत काहीतरी मार्ग काढीन. तेवढ्यात तू आलीस, साक्षीदार कुठाय विचारलंस, आणि मी म्हणालो, चोरीला गेला असेल. तोंडातून गेलं ते गेलंच. मग दुपारी सगळे खाली असताना बशी कुकरमध्ये घातली."

"आणि मी सही केली असती, तर?"

त्यांनी मान खाली घातली. "ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

मुक्ताई पुढं आली. तिला राग आला होता, आणि डोळ्यांत पाणीही होतं.

"सर, वैनी फ्रिजचं बटण कंदीच बंद करत नव्हत्या. बाकी समदं बंद करायच्या. फ्रिजला टिळा लावायच्या, हात जोडायच्या आन् म्हनायच्या, तुला तेवढी सुट्टी न्हाई बाबा, तुज्या पोटात लोकांची औषधं हायेत. दर वर्साला म्हनायच्या. तुमी कसं ऐकनार? तुमी खाली."

लिमयांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या म्हाताऱ्याची बाईंना मनापासून दया आली, पण दयेला त्या दिवशी सवड नव्हती.

"रडायचं नंतर," त्या म्हणाल्या. "चिलेशे, जंतू शिल्लक आहेत?"

"आहेत. नमुने माझ्याच पेटीत आहेत, शाबूत. पण ताज्या टिकल्या हव्यात, आणि जंतू वाढायला रात्र जाते. उद्या तर समिती..."

"उद्या त्यांच्या घड्याळानं. ते आपल्या मागे आहेत. त्यांची सकाळ उजाडेपर्यंत आपली निम्मी सकाळ सरलेली असेल." बाईंनी फोन काढला. शनिवार पेठेत लॅबच्या मालाचा एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं पलीकडून सांगितलं, की दुकान बंद व्हायची वेळ झाली आहे. बाईंनी सांगितलं, की त्याच्या गोदामाची तपासणी त्यांनी एकदा केलेली आहे आणि स्मरणशक्ती अजून चांगली आहे. दुकान उघडं राहिलं.

उत्तरेश्वर बर्फाचा थर्मास घेऊन मोटरसायकलवर सुटला.

६

सकाळी सगळे पुन्हा जमले तेव्हा कुणाचीच झोप झालेली दिसत नव्हती. जयसिंगही आला होता, पेढ्यांशिवाय. उबेच्या पेटीला कुणी हात लावेना. लिमये दूर भिंतीशी उभे होते.

"मुक्ताई, तू वाच," ते म्हणाले. "मी नाही."

तिनं आधी साक्षीदार काढला. उजेडात धरला. टिकलीभोवती गोल होता, स्वच्छ, काठ कापून काढल्यासारखा.

चिलेशेनं श्वास सोडला. मग एकेक प्लेट निघू लागली. गोल. गोल. पुन्हा गोल. स्वस्त इंजेक्शन मेलेलं नव्हतं, देशभरात धडधाकट होतं. चिलेशे हसायला लागली, बाईंचा हात घट्ट धरून ठेवला तिनं. आणि मग मुक्ताईचा आवाज अडखळला.

शेवटच्या काही प्लेटवर गोल नव्हता. जंतू टिकलीला चिकटून वाढले होते. साक्षीदार खरा होता, म्हणजे ह्याही खऱ्या होत्या.

"ह्या कुठल्या?" बाईंनी विचारलं.

चिलेशेनं झाकणावरची खूण पाहिली. "माझ्या वॉर्डातल्या," ती म्हणाली.

ती खुर्चीत बसली, डोळे पुसले आणि उत्तरेश्वरच्या संगणकावर लिहायला लागली. देशासाठी जुनंच औषध, आणि पैसा नळांवर, साबणावर, सुईणींवर. नवं औषध फक्त एका वॉर्डापुरतं, कुलूपबंद ठेवून, आणि तो वॉर्ड आधी धुऊन काढायचा, माझ्यासकट सगळ्यांनी. लिहिता लिहिता ती थांबली.

"सर, पहिली चाचणी रद्द का केली, ते लिहावं लागेल. काय लिहू? वीज गेली होती, असं लिहिलं तरी चालेल. कुणी विचारणार नाही."

लिमये भिंतीपासून हलले. चालत तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"खरं लिही," ते म्हणाले. "लिही, की लॅबप्रमुखानं खंडेनवमीला फ्रिज बंद केला आणि साक्षीदार लपवला. लॅबप्रमुख असं मोघम नको. नाव घाल."

तिनं नाव घातलं. ह्यानंतर परदेशातलं एकही काम ह्या लॅबकडे येणार नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिनं बटण दाबलं. पत्र गेलं. मग ती उठली आणि वाकून सरांच्या पाया पडली. हे ती पुण्यातच शिकली होती आणि सरांना ते कधी आवडत नसे. ह्या वेळी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

उत्तरेश्वरनं घसा खाकरला. "मॅम, चहा घ्यायला खाली जायचं का सगळ्यांनी?"

आम्रपालीबाईंनी पर्सचा खटका बंद केला आणि रात्रीपासून पहिल्यांदा खुर्ची ओढून बसल्या.

"चहा वर मागव," त्या म्हणाल्या. "आज कुणी खाली जायचं नाही."